एक, दोन, तीन... आणि टेन्शन गुल!

जिममध्ये एकट्याने तासभर घाम गाळूनही मूड ऑफच राहतो. आणि शिवाजी पार्कात वीस अनोळखी माणसांबरोबर नुसते हात वर-खाली केले, तरी दिवस झक्कास जातो. असं का होतं? एक आख्खा आठवडा कट्ट्यावर घालवून केलेला हा तपास...

पहाटे साडेपाचला दादर पश्चिमेला दोन ठिकाणी फुल टू जाग असते. एक फुलबाजार आणि दुसरं शिवाजी पार्क. फुलबाजारातल्या मंडळींचं समजू शकतं, त्यांचं पोट आहे त्यावर. पण पार्कातल्यांचं काय? ह्यांना कुणी पगार देत नाही, कुणी मस्टरवर सही मागत नाही. तरी रोज तेच चेहरे, त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात. येताना अर्धे झोपेत, अर्धे वैतागलेले. आणि हेच चेहरे साडेसातला परत जाताना बघा. कुणीतरी आतला बल्ब बदलून दिल्यासारखे!

हा बल्ब नेमका बदलतं कोण?

कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. 'अगं, एन्डॉर्फिन!' व्यायाम केला की मेंदूत एन्डॉर्फिन सुटतं आणि माणूस खूश होतो, हे आता नाक्यावरचा पानवालाही सांगतो. पण प्रकरण इतकं सोपं नाही. २०२१ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ६३ जणांना पळवलं. त्यातल्या काहींना एन्डॉर्फिनचा रस्ता अडवणारं औषध आधीच दिलं होतं. तरीही पळाल्यावर त्यांना झिंग आली ती आलीच! संशयाची सुई आता शरीरातच तयार होणाऱ्या दुसऱ्या एका द्रव्याकडे आहे. एन्डोकॅनाबिनॉइड. नाव जड आहे, पण नातं भांगेशी. भांगेतल्या द्रव्याचा हा चुलतभाऊ म्हणा हवं तर.

पण मला छळणारा प्रश्न वेगळाच होता. घाम तोच, वेळ तोच, शरीर तेच. मग एकट्याने केलेला व्यायाम आणि घोळक्यात केलेला व्यायाम ह्यांत मूडचा एवढा फरक का पडतो? ह्याचं उत्तर रसायनाच्या बाटलीत नाही. ते शोधायला पार्काला एक चक्कर मारावी लागते.

पावलाला पाऊल

आधी थोडा इतिहास-भूगोल. हे मैदान १९२५ साली 'माहीम पार्क' म्हणून लोकांसाठी खुलं झालं. १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं आणि २०२० मध्ये ते 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' असं पूर्ण झालं. दादरकरांच्या तोंडी मात्र नुसतंच 'पार्क'. मैदानाला वळसा घालणारी बुटकी भिंत म्हणजे कट्टा, लांबी जेमतेम सव्वा किलोमीटर. आचरेकर सरांनी सचिनला घडवलं ते ह्याच मैदानात, राजकारणातल्या कित्येक सभा गाजल्या त्या इथेच. पण सकाळी सहाला पार्क क्रिकेटचंही नसतं आणि राजकारणाचंही नसतं. ते असतं चालणाऱ्यांचं.

मी पाच काकांच्या एका टोळक्यामागे लागले. पांढरे बूट, बनियनवर टी-शर्ट, एकाच्या हातात काठी (कुत्र्यांसाठी, गुडघ्यांसाठी नव्हे, हे त्यांनी आवर्जून सांगितलं). विषय आदल्या रात्रीची मॅच. बोलणं जसं तापत गेलं तशी एक मजा दिसायला लागली. पाचही जणांची पावलं एका तालात पडू लागली! डावा, उजवा, डावा, उजवा. मध्येच एकाचा मोबाइल वाजला, तो मागे पडला आणि ताल मोडला. फोन ठेवून तो परत आला, दहा-बारा पावलांत पुन्हा जुळला. कुणी ठरवून केलं नव्हतं. शेजारी-शेजारी चालणारी माणसं नकळत पावलं जुळवतात, हे संशोधकांनीही मोजून पाहिलंय.

"काका, रोज चालल्याने मूड सुधारतो का हो?" मी विचारलं.

"मूड कसला? आम्ही भांडायला येतो इथे," काठीवाले काका म्हणाले. "घरी भांडलो की बीपी चढतं. इथे भांडलो की उतरतं."

हसण्यावारी नेऊ नका. मूड सुधारायचा म्हणून ह्यातला एकही जण घराबाहेर पडलेला नाही. म्हणूनच बहुतेक तो सुधारतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकोणीसचा पाढा

महाराजांच्या पुतळ्याच्या बाजूला सव्वासहाला एक रनिंग ग्रुप जमतो. बँकेतली, आयटीतली, जाहिरात कंपन्यांतली पोरं-पोरी. बहुतेकांचं लक्ष्य जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन. ही मॅरेथॉन २००४ पासून सुरू झाली आणि तिने शहरातल्या अर्ध्या ऑफिसांना पळायला लावलं. ग्रुपचे सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पीटी शिक्षक. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, आवाज असा की समोरच्या बिल्डिंगमधली शाळकरी मुलंही उठून बसावीत.

दुसऱ्या फेरीत सरांनी एका धापा टाकणाऱ्या मुलाला गाठलं. "एकोणीसचा पाढा म्हण!"

"एकोणीस एके... एको... णीस..." पुढे नुसतीच हवा.

"पाढा येत नाही की श्वास पुरत नाही?"

"दोन्ही, सर!"

"मग वेग कमी कर. अडतीसपर्यंत तरी पोचायला पाहिजे."

सगळा ग्रुप हसला. पण सरांच्या ह्या पाढ्यात मानसशास्त्राचा एक मोठा धडा लपलाय. पॅन्टेलिमॉन एकेकाकिस नावाच्या संशोधकाने कित्येक वर्षं एकच गोष्ट तपासली. व्यायाम झाल्यावर कसं वाटतं हे सगळेच विचारतात, पण तो चालू असताना कसं वाटतं? निष्कर्ष असा, की धाप लागून बोलणं तुटायला लागतं ती एक रेषा असते. तिच्या अलीकडे बहुतेकांना बरं वाटतं. ती ओलांडली की जवळजवळ प्रत्येकाचा मूड घसरतो. थांबल्यावर तो उसळी मारून वर येतो, आणि आपण नंतर तेवढीच उसळी लक्षात ठेवून फुशारक्या मारतो.

ह्या रेषेचं लक्षाशीही नातं आहे. रेषेच्या अलीकडे असताना आपलं लक्ष मोकळं असतं. ते शेजारच्याच्या गप्पांत जाईल, कानातल्या गाण्यात जाईल, झाडावरच्या कावळ्यात जाईल. रेषेपलीकडे मात्र शरीर ते लक्ष हिसकावून घेतं. मग छाती, पोटऱ्या आणि 'कधी संपणार हे' याशिवाय काहीही सुचत नाही. म्हणजे घोळक्यात हरवून जायचं असेल, तर घोळक्याकडे बघण्याएवढा श्वास शिल्लक पाहिजे. सरांनी एकेकाकिस वाचलेला नाही. त्यांचा सगळा अभ्यास पाढ्यांवर.

खांबावरचं पोर

पार्काचं खरं वैभव बघायचं असेल तर मल्लखांबापाशी जा. लाकडी खांब, त्याला चोपडलेलं एरंडेल आणि त्यावर माकडालाही लाज वाटेल अशा कसरती करणारी आठ-दहा वर्षांची पोरं. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवं आयुष्य दिलं, तो हा खेळ. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तीही ह्याच शिवाजी पार्कात. इथल्या समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवणारे ते हेच.

नऊ वर्षांची एक चिमुरडी दोरीच्या मल्लखांबावर चढत होती. पायाच्या अंगठ्यात दोरी पकडायची, एक वेढा, दुसरा वेढा, मग हात सोडायचे. खाली उरलेली मुलं रांगेत. आई फोनवर बोलतेय, शेजारी क्रिकेटची नेट चालू आहे, रस्त्यावर बस हॉर्न देतेय. तिला ह्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. खाली आल्यावर मी विचारलं, "वर असताना काय विचार करतेस गं?"

तिने माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "ताई, विचार केला तर पडू ना!"

ही समाधी ज्याने जगासमोर मांडली, त्याचं नाव उच्चारणं हाही एक मल्लखांबच. मिहाय चिक्सेंटमिहाय. २०२१ मध्ये गेलेल्या ह्या मानसशास्त्रज्ञाने बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक, सर्जन अशा लोकांना विचारलं, की तुम्ही कामात पार बुडून जाता तेव्हा नेमकं काय होतं? १९७५ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि ह्या अवस्थेला नाव दिलं 'फ्लो'. त्याचा हिशेब साधा. समोरचं आव्हान आणि तुमचं कसब ह्यांची जोडी जमली पाहिजे. आव्हान जास्त झालं तर घाबरगुंडी, कमी झालं तर जांभया. पुढे काय करायचं ते स्पष्ट हवं आणि चुकलं की लगेच कळायला हवं. दोरीवर ह्या सगळ्याची चोख सोय आहे. चूक कळायला अप्रेझलची वाट बघावी लागत नाही.

अर्थात सगळे सारखे बुडत नाहीत. काहींचा पिंडच तसा असतो. सूर्यास्त बघताना, गाणं ऐकताना, सिनेमात ते सहज हरवतात. टेलेगन आणि ॲटकिन्सन ह्या दोघांनी १९७४ मध्ये हे मोजायची एक प्रश्नावलीही तयार केली. तुम्ही त्या जातीचे असाल, तर अभिनंदन. नसाल, म्हणजे डोक्यात सतत ईएमआय आणि ईमेल चालू असणारे असाल, तर पार्काच्या पुढच्या कोपऱ्यात या. तिथे कसब लागत नाही.

हो हो, हा हा हा!

२०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं. हास्यक्लबवाल्यांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही!

पावणेसातला वीस-बावीस जणांचा गोल. सरासरी वय साठीच्या पुढे. टाळ्या वाजवत 'हो हो, हा हा हा' अशी सुरुवात. मग सिंहाचं हास्य (जीभ बाहेर), मग मोबाइल कानाला लावून हसणं, मग लस्सी ढवळल्याचा अभिनय करून हसणं. पहिली पाच मिनिटं मी बाजूला उभी राहून मनातल्या मनात म्हटलं, हे काय चाललंय? मग एका काकूंनी हाताला धरून गोलात ओढलं. "लिहायचंय ना तुला? मग हस आधी!"

ह्या प्रकाराचा जन्म आपल्याच मुंबईतला. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया ह्यांनी अंधेरीच्या लोखंडवालामध्ये पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला. सुरुवातीला रोज विनोद सांगायचे. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, वाह्यात सुरू झाले आणि लोक वैतागले. तेव्हा कटारियांनी विनोदच रद्द केला. कारणाशिवाय हसायचं! आज मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जगभर हास्यदिन साजरा होतो.

आणि गंमत म्हणजे हे चालतं. खोटं हसताना समोरच्या आजोबांची कवळी हलताना दिसते, आपल्याला खरं हसू फुटतं, ते बघून शेजारच्या काकूंना फुटतं, आणि बघता बघता गोल हातचा जातो. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि मंडळींनी दाखवून दिलं, की इतरांसोबत खळखळून हसल्यावर माणसाची दुखणं सहन करण्याची ताकद वाढते. हसण्यात पोटाचे स्नायू राबतात. तोही व्यायामच.

मला ओढून नेणाऱ्या काकू चार वर्षांपासून येतात. कार्यक्रम संपल्यावर कट्ट्यावर बसून त्यांनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि सहज सांगावं तसं म्हणाल्या, "हे गेले ना, त्यानंतर मी सहा महिने हसलेच नव्हते. मुलगी म्हणाली, आई, हास्यक्लबला जा. मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? मी हसायला जाऊ? लोक काय म्हणतील? मग एकदा आले. रडलेच आधी. गोलात उभी राहून घळाघळा रडले."

"मग?"

"मग काय? कुणी काही विचारलं नाही. हा हा हा चालूच ठेवलं सगळ्यांनी. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, काल लवकर गेलात, आज थांबा, चहा आहे."

तो लाडू मी घरी आणून खाल्ला.

आरशासमोरचा झुम्बा

तपास पूर्ण व्हायला हवा म्हणून पार्कापासून सात-आठ मिनिटांवरच्या एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर झुम्बा क्लासलाही गेले. झुम्बाची गोष्ट फिल्मी आहे. कोलंबियातला बेटो पेरेझ हा ट्रेनर नव्वदच्या दशकात एकदा एरोबिक्सच्या गाण्यांची टेप घरी विसरला. मग जवळच्या साल्सा-मेरेंगेच्या टेपवर त्याने क्लास नाचवला आणि सगळ्या जगाला नाचायला निमित्त मिळालं.

क्लास सॉलिड होता. एसी, लाकडी जमीन, भिंतभर आरसा, ट्रेनर एनर्जीचा गोळा. मधल्या रांगेतल्या मुली सुसाट होत्या. पण मागच्या रांगेत, जिथे मी होते, तिथे वेगळंच चालू होतं. प्रत्येकीची नजर आरशात. टी-शर्ट खाली ओढला जातोय, पोट आत घेतलं जातंय. २००३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी व्यायामाची सवय नसलेल्या बायकांना आरशासमोर आणि आरशाशिवाय सायकल चालवायला लावली. आरसा नसताना त्यांना व्यायामानंतर जास्त बरं वाटलं. का, ते मागच्या रांगेत उभं राहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

विसाव्या मिनिटाला ट्रेनरने दिवे मंद केले आणि ढोलाच्या ठेक्याचं एक मराठी गाणं लावलं. आरसा काळा झाला. आणि मागच्या रांगेचे पाय पहिल्यांदा एकत्र पडले! तेच शरीर, तीच स्टेप. फक्त स्वतःला बघायची सोय गेली.

आता ऑक्सफर्डचाच एक जुना प्रयोग ऐका. २००९ सालचा. विद्यापीठाच्या संघातल्या १२ वल्हेकऱ्यांना वल्हवायच्या यंत्रावर ४५ मिनिटं राबवलं. एकदा एकेकट्याने, एकदा आख्ख्या टीमने एका तालात. मेहनत दोन्ही वेळा सारखीच. नंतर दंडाला बीपीचा पट्टा बांधून तो घट्ट करत नेला, 'बस' म्हणेपर्यंत. टीमसोबत वल्हवल्यावर पोरांनी कितीतरी जास्त कळ सोसली. मग २०१५ मध्ये ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना नाचवून बघितलं. दमवणारा नाच वेगळा, एका तालातला नाच वेगळा. कळलं ते असं, की दमणं आणि ताल ह्या दोन्ही गोष्टी आपापल्या परीने काम करतात. दोन्हींनी कळ सोसायची ताकद वाढते, दोन्हींनी शेजारचा आपला वाटायला लागतो.

म्हणजे जिममध्ये कानात इअरबड्स घालून ट्रेडमिलवर धावणाऱ्याला ह्यातली अर्धीच रक्कम मिळते. दमण्याची. तालाचं खातं रिकामंच. आणि वर समोर आरसा, मनगटावर घड्याळ, घड्याळात हृदयाचे ठोके, कॅलरी, 'आजचा स्ट्रेस स्कोअर'. म्हणजे तासभर लक्ष कुणावर? तर स्वतःवर! ज्या 'मी'पासून सुटका हवी म्हणून घर सोडलं, त्यालाच आपण खांद्यावर घेऊन पळत असतो.

माझ्या मते कट्ट्यावरचा बल्ब बदलतो तो इथे. तालाला लक्ष द्यावं लागतं. डावा की उजवा, टाळी कधी, वळायचं कधी. एवढंसं लक्ष, पण ते बाहेर जातं. आणि ते बाहेर असतं तेवढा वेळ मूड नावाचं पोर दुर्लक्षित राहतं, खेळायला लागतं, रडायचं विसरतं.

दुखणं कळत नाही, हेच दुखणं

पण थांबा. नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती गुळगुळीत नाही.

विल्यम मॅकनील नावाचा इतिहासकार १९४१ मध्ये अमेरिकन सैन्यात भरती झाला. टेक्ससच्या रणरणत्या मैदानात तासन् तास कवायत. निरर्थक, कंटाळवाणी. तरीही इतरांबरोबर पाऊल टाकताना आपण फुगत जातोय, मोठे होतोय असं त्याला वाटायचं. ते तो विसरला नाही. १९९५ मध्ये त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं, की माणसांच्या टोळ्या, देवळातले नाच, फौजा हे सगळं ह्या एकत्र हलण्याने कसं बांधलं गेलं. त्याने हेही स्पष्ट लिहिलंय, की हिटलरच्या लोकांनाही ही युक्ती पक्की ठाऊक होती. ताल माणसाला जोडतो. कशासाठी जोडतो, हे ताल बघत नाही.

आपल्या पातळीवर धोका छोटा आहे, पण आहे. ज्या तालाने दुखणं कमी कळतं, त्याच तालाने गुडघ्याची तक्रारही कमी कळते. 'कम ऑन, अजून दोन! सगळे करतायत!' ही आरोळी ऐकली की सावध व्हा. रविवारी सरांच्या ग्रुपमधला एकजण लंगडत पळत होता. सगळे जोशात, तोही जोशात. सरांनी शिट्टी मारून त्याला बाहेर काढलं, कट्ट्यावर बसवलं आणि हातात शिट्टी दिली. "आज तू वेळ लाव." पोरगं हिरमुसलं. पण दर फेरीला सगळे त्याच्यासमोरून जाताना हात उंचावून टाळी देत होते. शेवटच्या फेरीपर्यंत तोच सगळ्यात मोठ्याने ओरडत होता!

पळवता कुणालाही येतं. पळणाऱ्याला थांबवून, तरीही गोलात ठेवता येतं तो खरा सर.

सात वाजताचा फोन

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ही झिंग टिकते किती? खरं सांगायचं तर फार नाही. नऊच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं टेकलात की बरीचशी उतरते. मग उरतं काय?

रनिंग ग्रुपमधला एक २६ वर्षांचा मुलगा. मूळचा जळगावचा, लोअर परळला नोकरी, प्रभादेवीत भाड्याची खोली. तो म्हणाला, "मुंबईत आल्यावर पहिलं वर्ष असं गेलं, की शुक्रवारी रात्री ऑफिसमधून निघालो की सोमवारी सकाळपर्यंत मी माझा आवाजच ऐकलेला नसायचा. जेवण ॲपवर, सिनेमा ॲपवर, व्यायामही ॲपवर."

ग्रुपला लागून पाच महिने झाल्यावर तो सलग तीन दिवस आला नाही. पहिल्या दिवशी सातला एकाचा फोन. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज. चौथ्या दिवशी सर आणि एक मुलगा थेट खोलीवर. तो तसाच पडून होता. ताप नव्हता, काही नव्हतं. नुसतं उठवत नव्हतं. सरांनी भाषण दिलं नाही, 'चल, दोन फेऱ्या मार, बरं वाटेल' असंही म्हणाले नाहीत. त्याला डॉक्टरांकडे नेलं. आता औषध चालू आहे, समुपदेशन चालू आहे आणि सकाळच्या फेऱ्याही चालू आहेत.

'बीएमजे' ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये २१८ चाचण्या एकत्र करून केलेला अभ्यास आला. चालणं, पळणं, योग, वजनं उचलणं ह्यांचा नैराश्यावर चांगला उपयोग होतो, असं त्यात दिसलं. चांगली बातमी आहे. पण ज्याला पलंगावरून उठवत नाही, त्याला 'व्यायाम कर' सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचं पुस्तक देणं. त्याच्यासाठी आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं, की आज हा आला नाही.

मस्टर नसतं म्हटलं होतं ना मी पार्कात? असतं. सगळ्यांच्या डोक्यात असतं. काकूंनी माझंही नाव त्यात टाकलंय. मी दोन दिवस गेले नाही, तर फोन आला, "काय गं, लिहून झालं म्हणून विसरलीस?"

---

जायचंय? मग हे वाचा...

कधी: सकाळी सहा ते पावणेआठ. नंतर मैदान क्रिकेटवाल्यांचं होतं आणि लाल माती उडायला लागते. धुळीचा त्रास असेल तर मैदानात न शिरता कट्ट्याच्या बाहेरच्या फुटपाथवरून फिरा.

कसं: दादर पश्चिमेला उतरून चालत वीस मिनिटं. तेवढाच वॉर्म-अप!

ग्रुप कसा निवडायचा: पहिल्या दिवशी फक्त बघा. नवख्याला कुठे उभं करतात, दमलेल्याला काय म्हणतात, एखादा न आल्याचं कुणाच्या लक्षात येतं का. फी, टी-शर्ट आणि इन्स्टावरचे फोटो ह्या नंतरच्या गोष्टी.

वेग: पाढा म्हणता आला पाहिजे. एकोणीसचा जमत नसेल तर दोनचा चालेल.

काय नेऊ नये: इअरबड्स. घड्याळ चालेल, पण बघू नका.

लक्षात असू द्या: दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, तर पार्काआधी डॉक्टर. जीव नकोसा वाटत असेल तर क्षणभरही थांबू नका. केंद्र सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन १४४१६ ह्या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलते.

आणि नंतर: 'आस्वाद'ची मिसळ नाहीतर 'प्रकाश'चा साबुदाणावडा. कॅलरींचा हिशेब ज्याचा त्याने करावा. एकट्याने मात्र खाऊ नका!